यंत्र बसले, पण आज चालते का? केंद्रीय जलशक्ती मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय जलशक्ती मंत्री, नवी दिल्ली

प्रत : राष्ट्रीय जल माहिती केंद्र, केंद्रीय जल आयोग, भारत हवामानशास्त्र विभाग, प्रादेशिक केंद्र, कुलाबा, आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : पाणी मोजणाऱ्या आणि पुराचा अंदाज देणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमांच्या प्रगतीचा हिशेब लोकांसमोर मांडण्याबाबत

महोदय,

माझी सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. आता निवृत्त आहे आणि कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीच्या अगदी जवळ राहते. आमच्या भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत दोन प्रश्न रोज विचारले जातात : आज भरती किती वाजता, आणि पाणी किती चढले? भरतीची वेळ वर्तमानपत्रात छापून येते. पाणी किती चढले आणि किती चढेल हे कळावे म्हणून तुमच्या मंत्रालयाने, हवामान विभागाने आणि आमच्या महापालिकेने गेल्या वीस वर्षांत बराच पैसा खर्च केला आहे. त्यातून काय उभे राहिले आणि उभे राहिलेल्यांपैकी आज काय चालू आहे, हे सामान्य माणसाला कळेल अशा रीतीने दर महिन्याला जाहीर करा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे.

राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे ३,६८० कोटी रुपये, त्यात जागतिक बँकेचे कर्ज. मुदत २०२३-२४ पर्यंतची होती, ती पुढे वाढवली गेली. त्याआधी १९९५ मध्ये पहिला जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला होता आणि २००६ मध्ये दुसरा. दोन्हींत महाराष्ट्र होता. म्हणजे नद्यांची पातळी, धरणांची आवक, विहिरींची खोली आणि पाऊस शास्त्रशुद्ध मोजून ती माहिती एका जागी आणण्याचे काम या देशात तीस वर्षे चालू आहे. २०१८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जल माहिती केंद्र स्थापन झाले. इंडिया-डब्ल्यूआरआयएस हे देशातल्या पाण्याच्या माहितीचे संकेतस्थळ आज कोणालाही उघडता येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय जल आयोगाने ‘फ्लडवॉच इंडिया’ हे मोबाइल ॲप आणले. सप्टेंबर २०२४ मध्ये हवामानाचे अंदाज सुधारण्यासाठीच्या ‘मिशन मौसम’ या योजनेला दोन हजार कोटी मंजूर झाले, त्यातून नवी रडारे येणार आहेत. हे सगळे चांगले आहे. ज्यांनी हे केले त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि पुढे जे लिहिते आहे ते त्यांचे काम वाया जाऊ नये या काळजीने.

सरकारी प्रगती अहवालात दोन रकाने हमखास असतात. आर्थिक प्रगती, म्हणजे मंजूर रकमेपैकी किती खर्ची पडली. भौतिक प्रगती, म्हणजे किती यंत्रे घ्यायची होती आणि किती बसवली. यंत्र बसले, ठेकेदाराचे अंतिम देयक निघाले, जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली, उपयोगिता प्रमाणपत्र वर गेले, की त्या ओळीसमोर शंभर टक्के लिहिले जाते. एकदा लिहिलेले शंभर टक्के पुन्हा खाली येत नाही. पुढच्याच पावसाळ्यात यंत्र बंद पडले तरी अहवालात ते बसवलेलेच असते. यात कोणी खोटे लिहीत नाही. रकानाच तसा आखलेला आहे, तो बसवण्यापाशी थांबतो. पाणी मोजण्याच्या कामात मात्र बसवणे ही सुरुवात असते, कारण त्या यंत्राचा उपयोग वर्षातल्या चारपाच रात्रींना असतो आणि त्या कोणत्या हे आधी ठरलेले नसते.

नोकरीत असताना तपासणीसाठी एका सरकारी कार्यालयात गेले होते. गच्चीवर स्वयंचलित पर्जन्यमापक होता. नोंदवहीत त्याच्यासमोर ‘सुस्थितीत’ असा शेरा, दर तिमाहीला, एकाच हस्ताक्षरात. वर जाऊन पाहिले तर नरसाळ्यात पिंपळाची पाने कुजून त्यांचा थर झालेला, त्यावर कबुतरांची घाण, आणि त्या थरातून पिंपळाचेच एक कोवळे रोप वर आलेले. सौरपट्टीवर काळपट राप. बॅटरीच्या पेटीला कुलूप होते आणि त्याची किल्ली कोणाकडे हे कोणालाच सांगता येत नव्हते. यंत्र मात्र बंद नव्हते. ते दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवत होते, आणि तो आकडा शून्य होता.

या शून्याबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सगळा घोळ त्यात आहे. अशा पर्जन्यमापकाच्या आत दोन खणांचा एक छोटा झुलता पत्रा असतो. एक खण ठरावीक पाण्याने भरला की पत्रा कलंडतो, पाणी सांडते, दुसरा खण वर येतो. प्रत्येक कलंडण्याची नोंद होते आणि त्या नोंदी मोजून पाऊस किती मिलिमीटर झाला ते ठरते. नरसाळे पूर्ण तुंबले तर पाणी आत जात नाही, पत्रा हलत नाही, आणि बाहेर धो धो कोसळत असताना संगणकात शून्य जाते. अर्धवट तुंबले तर आणखी वाईट : पाणी झिरपत झिरपत जाते, पाऊस थांबल्यावरही तासभर पत्रा कलंडत राहतो आणि मुसळधार सरीची नोंद रिमझिम म्हणून होते. यंत्र मुकाट बंद पडले तर निदान जागा रिकामी दिसते आणि कोणीतरी विचारतो. शून्य आले तर कोणी विचारत नाही, कारण शून्य म्हणजे कोरडा दिवस. मग हाच शून्य पुढे संगणकातल्या गणिती प्रारूपात (मॉडेलमध्ये) जातो, प्रारूप त्यावरून नदीत किती पाणी येईल याचे गणित करते, आणि त्या गणितावर नियंत्रण कक्षातला अधिकारी माणसे हलवायची की नाही हे ठरवतो.

नदीच्या पातळीचेही तसेच आहे. पुलाखाली बसवलेला रडार संवेदक स्वतःपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजतो. त्याखाली थर्माकोल आणि प्लास्टिकचा तवंग साचला तर तो तवंगाचे अंतर मोजेल. पात्रातला गाळ काढला किंवा नवा साचला, तर तेवढ्याच पातळीला वाहणारे पाणी कमीजास्त होते, म्हणून पातळी आणि प्रवाह यांचे कोष्टक पुन्हा बसवावे लागते. मिठीत तर भरतीचे पाणी खालून वर चढते. पातळी वाढली ती पावसाने की समुद्राने, हे एका यंत्राच्या आकड्यावरून कळत नाही. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी मोठा पाऊस आला की काय होते ते मुंबईच्या सखल भागात राहणाऱ्या कोणालाही विचारा. म्हणून या यंत्रांना नुसती वीज आणि सिमकार्ड पुरत नाही. ठरलेल्या दिवशी तिथे जाणारा, नरसाळे साफ करणारा, हाताने मोजून ताळा पाहणारा माणूस लागतो. त्या माणसाचे पद कोणत्या तक्त्यात आहे?

भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा पूरनियंत्रण आणि पूर-अंदाज यांवरचा अहवाल २०१७ मध्ये संसदेपुढे आला. बाराव्या पंचवार्षिक योजनेत २१९ टेलिमेट्री केंद्रे, म्हणजे दुरून आपोआप माहिती पाठवणारी केंद्रे, बसवायची होती, ऑगस्ट २०१६ पर्यंत त्यांतली ५६ बसली होती. हा झाला उशीर, उशीर समजून घेता येतो. पण त्याच अहवालात पुढे म्हटले आहे की अकराव्या योजनेत जी बसवली त्यांतली बहुतेक बंद होती, त्यामुळे त्या त्या वेळची प्रत्यक्ष माहिती मिळत नव्हती आणि हाताने घेतलेल्या नोंदींवर अवलंबून राहावे लागत होते. देशातल्या ४,८६२ मोठ्या धरणांपैकी ३४९ धरणांचेच आणीबाणी कृती आराखडे तयार होते, हेही तिथेच नोंदलेले आहे. बसवलेले आणि चालणारे हे दोन आकडे वेगळे असतात हे सांगायला लेखापरीक्षकांना यावे लागले. माझी मागणी अशी की ते तुमच्याच अहवालात दर महिन्याला दिसावे. लेखापरीक्षण पाच वर्षांनी येते. पाऊस तोवर थांबत नाही.

मुंबईला या मोजणीचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात ७४ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात, दोन वेधशाळा, आणि मधल्या पट्ट्यात नेमके काय चालले आहे हे त्या दुपारी मोजणारे जवळपास कोणी नव्हते. शहरात ढग आणि पाऊस टिपणारे डॉप्लर रडारही नव्हते. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने पुढे या पुराचा कसून अभ्यास केला. महापालिकेने शहरभर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवायला सुरुवात केली, बरीचशी अग्निशमन केंद्रांच्या आणि विभाग कार्यालयांच्या इमारतींवर. कुलाब्याला रडार आले, नंतर उपनगरातल्या वेरावलीला दुसरे. १२ जून २०२० रोजी ‘आयफ्लोज-मुंबई’ ही एकात्मिक पूर इशारा प्रणाली सुरू झाली. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने ती महापालिकेबरोबर तयार केली. महापालिका, हवामान विभाग आणि पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांच्या मिळून १६५ पर्जन्यमापन केंद्रांची माहिती, शहराचे चढउतार, नद्यांची पात्रे, भरती-ओहोटी, हे सगळे एकत्र घेऊन कोणत्या विभागात किती पाणी साचेल हे तीन दिवस आधी सांगण्याची तिची क्षमता आहे, असे त्या वेळी जाहीर झाले होते.

ती बातमी वाचून मला खरोखर समाधान वाटले होते. एवढ्या संस्थांनी एकत्र बसून एका शहरासाठी असे काही करावे, ही मोठी गोष्ट आहे. आता तिची परीक्षा झाली पाहिजे आणि तिचा निकाल लागला पाहिजे. तिने कोणत्या रात्री कोणत्या विभागात किती पाणी सांगितले, सकाळी प्रत्यक्षात किती होते, हा ताळा मांडून लोकांपुढे ठेवा. त्या दिवशी १६५ पैकी किती केंद्रांची माहिती वेळेत आली होती, तेही शेजारी लिहा. पंधराव्या वित्त आयोगाने सात शहरांतल्या पुरासाठी आपत्ती सौम्यीकरण निधीतून २,५०० कोटी सुचवले, त्यात मुंबईच्या वाट्याला ५०० कोटी. तो पैसा कुठल्या ओढ्यावर आणि कुठल्या पंपावर खर्च करायचा हे ठरवायलासुद्धा हाच ताळा कामी येईल.

अंदाज तपासायचा म्हटले की अधिकारी धास्तावतात, हे मी पाहिले आहे. चुका दाखवून आमची हजामत करणार, असे त्यांना वाटते. तसे होऊ नये हे आम्हा नागरिकांनाही सांभाळावे लागेल. पश्चिम किनाऱ्यावरचा पावसाळी ढग कधी कधी काही किलोमीटरचाच असतो आणि दोन तासांत ओतून मोकळा होतो. पवईत रस्ते बुडालेले असताना कुलाब्यात लख्ख ऊन असू शकते. कोणत्याही देशातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला याचा बिनचूक अंदाज देता येणार नाही. म्हणून चूक झाली यात लाजण्यासारखे काही नाही. किती वेळा इशारा दिला आणि पाऊस झाला, किती वेळा दिला आणि झाला नाही, किती वेळा न सांगता कोसळला, एवढे दर मोसमाला मांडले की आपण गेल्या वर्षीपेक्षा पुढे गेलो का ते कळते. रेड अलर्टवर शाळा बंद ठेवल्या आणि दिवसभर ऊन पडले, असे दोनतीनदा झाले की लोक पुढच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करतात. दहातले किती रेड अलर्ट खरे ठरतात हे त्यांना माहीत असले, तर फुकट गेलेला एक दिवस ते पोटात घालतील.

आणि तुमच्याकडे याचा नमुना आहे. केंद्रीय जल आयोगाने पुराचे अंदाज द्यायला १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेपासून सुरुवात केली. आयोगाचा नियम असा : नदीच्या पातळीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा १५ सेंटिमीटरच्या आत चुकला तर तो अचूक धरायचा, धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज २० टक्क्यांच्या आत असला तर अचूक. किती स्वच्छ मोजपट्टी आहे ही! याच धर्तीवर शहरातल्या पाण्यासाठी मोजपट्टी ठरवा. गुडघाभर सांगितले आणि घोटाभर आले तर काय धरायचे, मध्यरात्री सांगितले आणि पहाटे चारला आले तर काय धरायचे, हे एकदा लिहून काढा.

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना नदीचा आकडा तोंडपाठ असतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्या भागातले माझे नातेवाईक फोनवर पहिला शब्द उच्चारायचे तो फुटांचा. पुलावरचा आकडा आणि आपल्या गल्लीतली पायरी यांचा संबंध त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून बसवलेला आहे : इतके फूट झाले की अमक्या चौकात पाणी, इतके झाले की जनावरे सोडायची. कृष्णा-भीमा खोऱ्यात दुसऱ्या जलविज्ञान प्रकल्पातून प्रत्यक्ष वेळेत माहिती देणारी यंत्रणा उभी राहिली, तिचा उपयोग लोकांना होऊ शकतो तो या तयारीमुळे.

मिठीकाठी अशी तयारी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नदी चढली तेव्हा बातम्यांत ३.९ मीटर हा आकडा सांगत होते. क्रांतीनगरमधल्या शेकडो लोकांना महापालिकेच्या शाळेत हलवले गेले आणि ते काम वेळेवर झाले, त्याबद्दल त्या वेळी राबलेल्या सर्वांचे आभार मानायला हवेत. पण ३.९ मीटर म्हणजे माझ्या दारात किती, हे आमच्यापैकी कोणाला सांगता येत नव्हते. सीएसटी रोडवरच्या पुलाच्या कठड्याशी उभे राहून लोक खाली बघतात आणि खांबावरच्या कुठल्या डागापर्यंत पाणी आले यावरून अंदाज बांधतात. कोणीतरी वस्तीत फोन करते. मग घरोघरी बायका खालचे सामान वर चढवायला लागतात : आधी पिठाचा आणि तांदळाचा डबा, मग रेशनकार्ड-आधारकार्डाची पिशवी, मुलांची दप्तरे, शेवटी गॅसची टाकी. फ्रिज उचलता येत नाही, तो विटांवर आधीच ठेवलेला असतो. या सगळ्याला अर्धापाऊण तास लागतो. तुमच्या तीन दिवस आधीच्या भाकितातला हा अर्धापाऊण तास तरी आमच्यापर्यंत पोचतो का, हे प्रगतीच्या कोणत्याच रकान्यात मोजलेले नाही. नदीकाठच्या विजेच्या खांबांवर आणि शाळांच्या भिंतींवर पातळीच्या रंगीत खुणा मारून घ्या, त्यांवर मीटरचा आकडा लिहा, आणि संदेश पाठवताना त्या खुणेचा उल्लेख करा. खर्च रंगाच्या डब्यांचा आहे. इशारा निघाल्याची वेळ आणि वस्तीत पोचल्याची वेळ, या दोन्ही नोंदवा.

हे फक्त कुर्ल्यापुरते नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या डोंगरावर पडलेले पाणी सावित्रीतून महाडला उतरते आणि कृष्णा-कोयनेतून सांगलीकडे जाते. सांगलीला तयारीला दिवस मिळतात, महाडला तास. त्याच दिवशी चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या, घाटमाथ्यावरचा एक पर्जन्यमापक त्या रात्री मुका राहिला तर खालच्या गावाला दुसरी संधी नाही. त्यामुळे कोणती केंद्रे एक तासही बंद राहून चालणार नाही, त्यांची यादी वेगळी काढा आणि त्यांच्या जोडीला दुसरे यंत्र ठेवा.

आमच्या पिण्याच्या पाण्याबद्दलही थोडे. मुंबईला सात तलावांतून पाणी येते : अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. ते पूर्ण भरले की १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यात जवळपास निम्मे एकट्या भातसाचे. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली, ती जुलैअखेर उठली. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांवर आपण जगतो तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिथल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. राष्ट्रीय प्रकल्पातून स्वयंचलित जलपातळी नोंदणी यंत्रे आली आहेत, ती दिवसातून अनेकदा मोजू शकतात. विहीर आटायला लागली हे मार्चमध्येच पाड्यावरच्या बाईला तिच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचायला मिळावे. मेमध्ये तिला ते यंत्राशिवायही कळते.

आणि याच सात तलावांनी मला एक भरवसा दिला आहे. त्यांचा रोज सकाळी सहा वाजताचा साठा महापालिका जाहीर करते. वर्तमानपत्रात छोटा तक्ता येतो. आमच्या इमारतीतल्या वॉचमनपासून लोकलमधल्या कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळे तो वाचतात, जुलैत ‘तानसा भरला’, ‘मोडकसागर ओसंडला’ म्हणून एकमेकांना कळवतात, गेल्या वर्षी याच तारखेला किती टक्के होते ते बघून पाणी जपून वापरतात. लोकांना आकडे समजत नाहीत, त्यांच्यात घबराट पसरेल, हे कारण मी अनेक कार्यालयांत ऐकले आहे. हा तक्ता त्याचे उत्तर आहे. ठरलेल्या वेळी, त्याच नमुन्यात, रोज, मराठीत दिले की लोक आकड्यांनी घाबरत नाहीत, त्यांचा वापर करतात.

गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांची माहिती शेजारी देशांमुळे गोपनीय ठेवली जाते, ते समजू शकते. कृष्णा, गोदावरी, तापी, कोकणातल्या नद्या यांना ती अडचण नाही. कर्जाच्या अटींप्रमाणे प्रकल्पाच्या प्रगतीचे अहवाल जागतिक बँकेसाठी नियमित तयार होत आले आहेत आणि इंग्रजीत प्रसिद्धही झाले आहेत. तसाच एक, आमच्या भाषेत, आमच्या नद्यांचा, आम्हाला मिळावा.

त्यात काय असावे हे मी माझ्या नोकरीच्या सवयीने सांगते. प्रत्येक केंद्राची एक ओळ. ते कुठे आहे, कधी बसले, गेल्या महिन्यातल्या एकूण तासांपैकी किती तास त्याने ग्राह्य माहिती पाठवली. ‘ग्राह्य’ या शब्दावर माझा जोर आहे, शेजारच्या चार केंद्रांवर पाऊस असताना आलेला एकाकी शून्य ग्राह्य धरू नये. शेवटची प्रत्यक्ष भेट कधी, कोणी दिली, तारखेसह छायाचित्र. बंद असेल तर कधीपासून आणि दुरुस्ती कोणाकडे. पुढे, त्या नदीसाठी किंवा विभागासाठी महिन्यात दिलेले अंदाज आणि प्रत्यक्ष. एवढे पुरे. यातली बरीच माहिती तुमच्या संगणकांत आत्ताही आहे.

आणि सगळ्यात तातडीचे म्हणजे देखभालीचा पैसा. प्रकल्प चालू असतो तोवर यंत्रांची काळजी ठेकेदार आणि प्रकल्पाचा निधी घेतो. प्रकल्प संपला की ती राज्यांच्या खात्यांकडे जातात आणि भांडवली खर्चातून आलेल्या वस्तूचा रोजचा खर्च महसुली तरतुदीतून भागवायची वेळ येते. बॅटरी, सिमकार्डाचे मासिक शुल्क, राखणदार, गवत कापणे, नरसाळे धुणे : रक्कम लहान असते, म्हणून अंदाजपत्रकात तिला स्वतंत्र शीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, मिळत नाही आणि काटछाट करताना ती सर्वांत आधी जाते. मी अशा फायली पाहिल्या आहेत. वार्षिक देखभाल करार मार्चमध्ये संपतो, नूतनीकरणाचा प्रस्ताव जूनमध्ये वित्त विभागाकडून शंका घेऊन परत येतो, मंजुरी दिवाळीनंतर मिळते. पावसाळा मधल्या मध्ये निघून जातो. या यंत्रांचे करार निदान पाच वर्षांचे करा, नूतनीकरण जानेवारीत होईल अशी तारीख बांधा, आणि ठेकेदाराचे देयक यंत्र किती तास नीट चालले त्यावर द्या. राज्याकडे हस्तांतर करताना पाच वर्षांची देखभाल रक्कम सोबत द्या किंवा राज्याकडून लेखी हमी घ्या. तिसऱ्या टप्प्यातली, म्हणजे राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातली, यंत्रे अकराव्या योजनेतल्या केंद्रांच्या वाटेने गेली तर चौथ्या टप्प्याचा प्रस्ताव कोणत्या तोंडाने मांडणार?

प्रत आयुक्तांना मुद्दाम दिली आहे. दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहता आपल्या शहरातल्या केंद्रांपुरता हा तक्ता महापालिका येत्या १ जूनपासून सुरू करू शकते. तलावांचा तक्ता जिथे छापून येतो त्याच्याच खाली त्याला जागा मिळावी. कुर्ल्यातल्या आम्ही काही जणी गच्ची आणि पुलाशेजारच्या केंद्रांना महिन्यातून एकदा भेट देऊन त्या दिवशीची स्थिती कळवायला तयार आहोत. ओळखपत्र आणि कळवायचा क्रमांक तुम्ही द्यावा.

या पत्राचे उत्तर मे महिन्याच्या आत मिळावे ही विनंती. उत्तरात निदान एवढे असावे : महाराष्ट्रात राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून बसवलेल्या केंद्रांची यादी, त्यांतली आज ग्राह्य माहिती पाठवणारी कोणती, आणि पुढच्या आर्थिक वर्षात त्यांच्या देखभालीसाठी कोणत्या शीर्षाखाली किती तरतूद आहे.

कळावे,

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक
कुर्ला (पश्चिम), मुंबई